सोनाबाई फोटो स्टुडिओची रत्नाक्का

आमच्या शाळेत वर्गांचे फोटो काढायला बाई येणार आहे, हे कळलं तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोनदा विचारलं होतं, "बाई? म्हणजे फोटोग्राफरची बायको का?"

शाळा मुलींची, शुक्रवार पेठेतली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी नाशिकहून बदलून नवीनच आले होते. कोल्हापूर अजून माझ्या कानाला सरावलं नव्हतं. समोरचा माणूस भांडतोय की जेवायला बोलावतोय, हे पहिले सहा महिने मला ओळखू येत नसे. त्या दिवशी फाटकातून सायकल हातात धरून एक उंच, काळीसावळी, चाळिशीच्या आतली बाई आत आली. सायकलच्या कॅरिअरला कॅमेऱ्याची तिपाई सुतळीनं बांधलेली, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी घडणीच्या कोल्हापुरी चपला. नमस्कार-चमत्कार काही नाही. पटांगणाच्या मधोमध जाऊन ती उभी राहिली, स्वतःचा पंजा तोंडासमोर धरला आणि कुणी आरशात बघावं तसा तो सावकाश उलटसुलट करून बघितला.

"अकराला काढूया," ती म्हणाली.

मोठ्या बाईंचा शाळेत दरारा होता. त्या म्हणाल्या, "दहाची वेळ ठरलेली आहे."

"व्हय की. पर उजेड अकराला येतोय. त्याला कोण सांगणार?"

शिक्षकखोलीच्या दारात उभ्या आम्ही चौघीजणी श्वास रोखून होतो. अकरा वाजता पटांगणावरची चिंचेची सावली भिंतीकडे सरकली, ऊन शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून मऊ होऊन मुलींच्या तोंडावर आलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की उन्हालासुद्धा येण्याजाण्याची वेळ असते.

शिक्षकांचा फोटो शेवटी. आम्ही खुर्च्यांवर बसलो, मधे मोठ्या बाई. रत्नाक्कानं कॅमेऱ्यात मान घातली. तिचा कॅमेरा वरून खाली वाकून बघायचा होता, दोन भिंगांचा. मग मान वर काढून ती म्हणाली, "त्या कोण?"

खांबापाशी पाण्याचा तांब्या घेऊन आमच्या हिराबाई उभ्या होत्या.

"त्या शिपाई आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शाळेच्याच न्हवं?"

"हो, पण..."

"मग या की वो मावशी! तिकडं खांबाचा फोटो काढू व्हय मी?"

हिराबाईंची त्या शाळेत बावीस वर्षं झाली होती. त्या कुठल्याच फोटोत नव्हत्या. खुर्ची उरली नव्हती, तेव्हा अक्कानं स्वतः प्रयोगशाळेतून स्टूल उचलून आणलं आणि मोठ्या बाईंच्या शेजारी ठेवलं. एकच फोटो काढला. तो आजही माझ्याकडे आहे. त्यात आम्ही सगळ्या कॅमेऱ्याकडे बघतोय. हिराबाई मात्र मान वळवून, मोठ्या बाई रागावल्या की काय हे बघतायत, आणि मोठ्या बाई चक्क हसतायत. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. त्यांचं तसं हसू मी त्या कागदाबाहेर कधी पाहिलं नाही.

माझी खोली त्याच पेठेत, एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. गल्ली उतरत उतरत पंचगंगेकडे जायची आणि उताराच्या शेवटी तिचं दुकान. पाटीवर लिहिलेलं, 'सोनाबाई फोटो स्टुडिओ'. तिचं नाव रत्नमाला कांबळे. सोनाबाई तिची आई. गाव कुरुंदवाडकडचं, कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून मोठ्या बहिणीला अक्का आणि आईला अव्वा. ती पाच भावंडांत थोरली, म्हणून अक्का. आणि मग गल्लीनंही तिला रत्नाक्का करून टाकलं होतं. नवीन गिऱ्हाईक मात्र पाटी वाचून तिलाच सोनाबाई म्हणायचं, आणि ती ओ द्यायची.

"तुम्ही सांगत का नाही, की हे नाव आईचं आहे?" मी एकदा विचारलं.

"दिवसातनं धा येळा अव्वाचं नाव कानावर पडतंय, बाई. मोडता कशाला घालू?"

कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारखी तीही स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची. 'मी येतो, मी जातो, मी बगितलो.' पहिल्यांदा मला हसू यायचं. नंतर वाटायला लागलं, तिच्या तोंडी दुसरं काही शोभलंच नसतं. लग्नाचं तिनं मला एकदाच सांगितलं, तेही पासपोर्ट फोटो कापता कापता. दोन वर्षं संसार झाला. "मालक म्हणालं, एक काय ते ठरीव, कॅमेरा का मी. मी म्हणलो, येवढं सोपं कशाला इचारतायसा?" आणि कात्रीचा आवाज तसाच चालू राहिला.

तिचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. गंगावेशीत म्हशी आणून गिऱ्हाइकापुढेच धार काढून देतात, तिथे जाऊन ती एक पेला धारोष्ण दूध प्यायची आणि परत येऊन दुकान झाडायची. मग दिवसभर पासपोर्ट, बारशी, शाळेचे दाखले, लग्नासाठी दाखवायच्या मुली. दाखवायच्या मुलींशी तिचं फार पटायचं. आईबाप मुलीला पावडर थापून आणायचे. अक्का आईबापांना बाहेरच्या बाकावर बसवायची, मुलीला आत न्यायची, तोंड धुवायला लावायची आणि विचारायची, "तुला कसं दिसायचंय?" हा प्रश्न त्या मुलींना तोवर कुणी विचारलेलाच नसायचा. काही जणी रडायच्या. रडून झाल्यावर चेहरा जो स्वच्छ व्हायचा, तेव्हा ती फोटो काढायची.

तिच्या कसबाचं मूळ तिच्या वडलांत होतं. आप्पा त्या वेळी सत्तरीचे होते आणि स्टुडिओतच एका कोपऱ्यात स्टुलावर बसलेले असायचे. उमेदीत ते कोल्हापुरातल्या एका सिनेमाच्या स्टुडिओत मजूर होते. चंदेरी कागद चिकटवलेला मोठा फळा उन्हात धरायचा आणि त्यावरून ऊन नटनट्यांच्या तोंडावर पाडायचं, हे त्यांचं काम. पंचवीस वर्षं तेच. पडद्यावर नावांची यादी येते त्यात त्यांचं नाव कधी आलं नाही. पण ते छाती काढून सांगायचे, "हिरॉइनच्या तोंडावर सूर्य मी पाडायचो, बाई. हात हालला की सूर्य हालला."

म्हातारपणी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांना अजिबात दिसत नव्हतं. आणि आता जे सांगते ते मी स्वतः पाहिलं नसतं तर कुणी सांगून माझा विश्वास बसला नसता.

नोकरीच्या कागदांसाठी मला फोटो हवा होता. मी आत गेले तर अक्का म्हणाली, "थांबा, आधी आप्पा बसतील." गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तिनं आंधळ्या बापाला बसवलं आणि दोन्ही बाजूंचे मोठे दिवे लावले. ते दिवे असे तापायचे की जवळ उभं राहवत नसे. आप्पांनी डोळे मिटून तोंड सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवलं, चुलीपुढे बसलेला माणूस शेकतो तसं.

"उजवा जवळ झालाय. टीचभर मागं घे. बाईंचं तोंड कसं हाय?"

"गोल. गालावर मांसल."

"मग डावा वर उचल. हनवटीखाली सावली पडू दे जरा."

गालाला लागणाऱ्या उबेवरून त्या माणसाला उजेड कळत होता. अक्कानं दिवे सरकवले, आप्पा पुन्हा तोंड फिरवून म्हणाले, "आता बसवा त्यास्नी." तो फोटो मी पुढे सगळ्या कागदांना लावला. माझ्या नवऱ्याचं मत असं, की माझ्यापेक्षा तो फोटो जास्त माझ्यासारखा आहे.

आप्पा गेल्यावरही अक्कानं ती रीत सोडली नाही. गिऱ्हाइकाच्या आधी ती स्वतः खुर्चीत बसायची, डोळे मिटायची आणि तोंड फिरवायची.

आईची गोष्ट वेगळी. सोनाबाई रोजगाराला जाणारी बाई. ऊस तोडायचा, शेतातलं तण काढत भांगलण करायची, घरी येऊन भाकरी थापायची. "आमच्या वस्तीत फोटोवाला यायचाच न्हाय तवा," अक्का म्हणायची. "गावात यायचा, देवळापुढं दोरी बांधून पडदा लावायचा, लोक नटून जायची. आमच्याकडं वळायचा न्हाय. आमीबी बोलवायचं न्हाय." कॅमेरा हातात आल्यावर अक्कानं पहिला फोटो आईचा काढायचं ठरवलं. पण आई बसायला तयार नव्हती. खुर्चीवर बसवली की उठायची. चूल, शेरडं, अंगण, काही ना काही निघायचंच. अक्का जवळजवळ महिनाभर मागे लागली आणि तिच्या ध्यानात आलं, की आपण जन्मात आईला टेकलेली बघितलेलीच नाही. जेवतानासुद्धा ती उकिडवी, उठायच्या बेतात. सोनाबाई गेल्या तेव्हा त्यांचे तीन फोटो निघाले होते आणि तिन्हींत त्या उभ्या होत्या.

त्यानंतर अक्कानं स्वतःचं असं एक काम सुरू केलं. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणाला द्यायचं नव्हतं. दर रविवारी दुकान बंद करून ती निघायची आणि टेकलेल्या बायकांचे फोटो काढायची. कामातल्या नाही, काम संपून किंवा कामाच्या मधे बाई जेव्हा पहिल्यांदा पाठ टेकते, तो क्षण. गुऱ्हाळावर चिपाडांच्या ढिगाला टेकलेली. कळंब्याच्या तळ्यावर धुण्याच्या दगडावर बसून पाण्यात पाय सोडलेली. एसटी स्टँडच्या पायरीवर पाटी डोक्याखाली घेऊन आडवी झालेली. या बायका फोटोसाठी बसलेल्या नसत. अक्का तास तास त्यांच्यात वावरायची, हाताखाली काम करायची, आणि तो क्षण येताना तिला दुरून कळायचा. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत तिनं एकही फोटो काढला नाही. उसाच्या मोळ्या वाहिल्या. परत येताना मी हिरमुसले, तर म्हणाली, "आज कोन मनापासनं टेकलंच न्हाय, बाई."

ज्या बाईचा फोटो निघे, तिला एक प्रत नेऊन द्यायची हा तिचा नेम होता. दोन महिने लागले तरी जाऊन हातात द्यायची.

आता आजऱ्याचं सांगते.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या दुकानात गप्पा मारत बसले होते. आजऱ्याहून एक म्हातारा आला. केरबा नाव. बायको पावसाळ्यात गेली होती, हौसाबाई. भिंतीवर लावायला तिचा मोठा फोटो करून पाहिजे होता.

"द्या की," अक्का म्हणाली.

"काय?"

"जुना फोटो. लग्नातला, जत्रंतला. त्येच्यावरनं मोठा करायचा."

म्हातारा म्हणाला, "फोटो न्हाय. म्हणून तर तुमच्याकडं आलोय."

एकही नव्हता. मतदानाच्या कार्डासाठी गावात फोटो काढायला आले त्या दिवशी हौसाबाई काजूच्या कारखान्यात कामावर होत्या. पेठेत एक चित्रकार होता, तो ऐकीव वर्णनावरून चेहरे काढून द्यायचा. मी त्याचं नाव सुचवलं. अक्का माझ्यावर जवळजवळ ओरडली, "परक्या बाईचं तोंड लावून ह्यांनी त्येच्यासमोर रोज हात जोडायचं व्हय?" मग केरबाकडे वळली. "मामा, कुणाच्या लग्नात जायच्या त्या?"

"कुणाच्याबी. भात शिजवायला बोलवायची सगळी. हात चांगला हुता."

"आणि अंगावर काय खूण?"

केरबानं स्वतःची बोटं पुढे केली. "काजूच्या टरफलाचं त्याल. बोटं काळीभोर. घासून निघायची न्हाईत."

पुढचे तीन रविवार आम्ही आजऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर लग्नाचे अल्बम बघत हिंडलो. लोक आधी दारातच अडवायचे, "पावणं, कुणाकडचं?" मग कारण कळलं की चहा टाकायचे, अल्बम काढून द्यायचे आणि स्वतःही शेजारी बसून बघायचे. नवरानवरी, हळद, रुखवत. अक्का त्यांच्याकडे बघायचीच नाही. ती फोटोंच्या कडा बघायची, मागचा अंधार बघायची, मांडवाच्या खांबाआडून दिसणारे हात बघायची. किती अल्बम झाले ते मी मोजलं नाही. माझे डोळे चुरचुरायचे, तिचे नाही.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तिनं एका पानावर बोट ठेवलं. नवरा नवरीला घास भरवतोय, दोघं लाजून लाल. त्यांच्या मागे, पंगतीत, हातात भाताची पळी घेऊन वाकलेली एक बाई. फोटोत न दिसणाऱ्या कुणाकडे तरी बघून तोंडभर हसतेय. पळीच्या दांड्यावरची बोटं काळी होती.

घरातल्या थोरल्या सुनेनं वाकून बघितलं आणि तिच्या तोंडावर हात गेला. "हौसामावशी की! चेष्टा चालली हुती पंगतीत. आमच्या सासऱ्यास्नी तिसऱ्यांदा भात वाडत हुती."

ज्यानं त्या लग्नाचे फोटो काढले होते तो फोटोग्राफर गडहिंग्लजचा. त्याच्याकडे जाऊन, पिशव्या उलट्या करून ती निगेटिव्ह मिळवली. नखाएवढा चेहरा, त्यातही अर्धा सावलीत. अक्कानं मला डार्करूममध्ये बसू दिलं. तांबड्या दिव्याखाली ती पुन्हा पुन्हा कागद काढत होती, रसायनातून उचलून बघत होती आणि बाजूला ठेवत होती. मला सगळे सारखेच वाटत होते. "चेहरा आलाय," ती म्हणायची, "पर डोळ्यात बाई न्हाय अजून." दहा-अकरा कागद वाया गेल्यावर ती एकदम थांबली. त्या ओल्या कागदावर हौसाबाई हसत होत्या. त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

केरबा दोन मुलांना घेऊन आला. अक्कानं फोटो खुर्चीवर उभा करून ठेवला होता. म्हातारा जवळ गेला नाही. दारातच उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

थोरला मुलगा म्हणाला, "चांगला झालाय. पण अक्का, तेवढी पळी कापून घ्या. भिंतीवर बरं दिसणार न्हाय."

"र्‍हाऊ दे," केरबा दारातूनच म्हणाला. "पळी काढली तर हात मोकळा दिसंल. मोकळा हात तिचा न्हवंच."

अक्का पाठ करून पडदा घडी घालत होती. तो पडदा तिनं मला वाटतं चार वेळा घडी घातला.

मग पुराचं वर्ष आलं. पंचगंगा आमच्या गल्लीला दर पावसाळ्यात शिवून जायची, पण त्या वर्षी ती मागेच फिरेना. सकाळी आठच्या सुमाराला दुकानांच्या फळ्यांपर्यंत पाणी होतं, दहाला कमरेपर्यंत. आमच्या घराच्या जिन्याशी नाव लावली होती. शेजारची अपंग आजी, दोन लेकरवाळ्या बायका आणि मी असे आम्ही बसलो होतो. नाव वल्हवणारा गडी उताराच्या टोकाशी गेला तेव्हा अक्का छातीभर पाण्यात दुकानाच्या दारात उभी होती. आतल्या माळ्यावर तिच्या दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. मला दोन्ही ठाऊक होत्या. एकीत गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह, वीस वर्षांच्या, पाकिटात घालून नावं लिहिलेल्या. दुसरीत टेकलेल्या बायका.

"अक्का, एकच पेटी बसंल," गडी ओरडला. "न्हायतर नाव बुडंल. बेगीन करा!"

ती आत गेली. मी नावेतून ओरडून काहीतरी सांगत होते. काय ते आता आठवत नाही, आणि पाण्याच्या आवाजात तिला ऐकूही गेलं नसेल. ती पेटी डोक्यावर घेऊन बाहेर आली. पत्र्यावर खडूनं लिहिलेलं मी वाचलं. 'लोकांचे'.

पाणी माळ्याच्याही वर गेलं आणि आठवडाभर तिथंच राहिलं.

ओसरल्यावर आम्ही दुसरी पेटी शाळेत आणून उघडली. निगेटिव्ह एकमेकींना चिकटून विटेसारख्या झाल्या होत्या. शाळेच्या घंगाळात स्वच्छ पाणी भरून ती दोन दिवस त्या एकेक सोडवत बसली. सुटायच्या, पण सुटता सुटता वरचं चित्र विरघळून पाण्यात जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एक पट्टी खिडकीशी धरली. पलीकडची चिंच स्वच्छ दिसत होती.

"काच झाली बगा, बाई," ती म्हणाली.

मला रडू कोसळलं. आणि रागही आला. "तुम्ही ती पेटी का नाही उचलली? पासपोर्टचे फोटो काय, लोक परत काढतील!"

ती पट्टी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "बाई, पेठेतली समदी घरं भिजल्याती. कुणाचा बाप गेलाय, कुणाची लेक गेलीया. भिंतीवरचं फोटो गेलं त्येंचं. आता ती कुठं जातील? माझ्याकडंच येतील न्हवं?"

"आणि तुमचं?"

"माझं काय? बाया हाईत की अजून. परत टेकतील."

असं म्हणाली खरी. पण त्या दिवशी ती जेवली नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्या घंगाळापासून हलली नाही.

लोक आले. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. कुणी चिखलानं माखलेला अल्बम घेऊन, कुणी नुसती फ्रेम घेऊन, कुणी रिकाम्या हातानं. अक्का नाव विचारायची, पेटीतून पाकीट काढायची. आमच्या नववीच्या मुली ओले फोटो धुऊन वर्गात बांधलेल्या दोऱ्यांवर चिमट्यांनी लावायच्या. पेठेतल्या कितीतरी मेलेल्या माणसांना तिनं त्या दोन महिन्यांत घरोघर परत पोचवलं. मी हे शब्द जपून लिहितेय. दुसरे मला सुचत नाहीत.

तिच्या कामाचं पुढं काय झालं, तेही सांगते. तिनं वाटलेल्या प्रती आठवल्या त्या मला. निगेटिव्ह गेल्या, पण त्या बायकांच्या घरात फोटो असणारच. मी तसं म्हणाले तर ती म्हणाली, "दिल्यालं परत मागायचं व्हय?" मी हट्टाला पेटले. मागायचं नाही, नुसतं दारात जाऊन फोटोचा फोटो काढायचा. मग पुढची दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी हिंडलो. काही घरं पुरात गेली होती. काही बायका गेल्या होत्या. पण कितीतरी फोटो जिवंत निघाले. पत्र्याच्या ट्रंकेत साडीच्या घडीत, कणगीच्या मागे, एक तर दाराच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेला. कुरुंदवाडजवळच्या एका म्हातारीनं फोटो दाखवला, पण हातातून सोडेना.

"देत न्हाय मी," ती म्हणाली. "फोटो माझा हाय."

अक्का इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "तुमचाच हाय, आज्जी. धरून ठेवा असाच." आणि तिनं म्हातारीच्या हातांसकट तो फोटो काढला.

सगळे फोटो आम्ही शाळेच्या हॉलमध्ये लावले. बोलवायचं कुणाला, तर ज्यांचे ते होते त्यांना. एसटीनं, टेम्पोनं बायका आल्या. भिंतीपुढे उभ्या राहून एकमेकींना दाखवत होत्या, "ही मी. पाठ बग कशी दुखत हुती त्या दिवशी." अक्का हॉलच्या मागच्या दाराशी, चपला सांभाळत उभी होती. तिला पुढे बोलवायला गेले, तर हात झटकून म्हणाली, "मला बगाय आल्यात व्हय त्या?"

पुढे डिजिटल कॅमेरे आले. तिच्या हाताला कंप सुटला होता. तिनं भाच्याकडून नवा कॅमेरा शिकून घेतला आणि तो कायमचा तिपाईवर चढवला. दुकान वरच्या मजल्यावर हलवलं. मी निवृत्त झाले आणि आम्ही नाशिकला परत जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी तिचा निरोप घ्यायला गेले. जिना चढून दारात उभी राहिले. आत कागलकडचं एक तरुण जोडपं बाळाला घेऊन आलं होतं. बाळ जेमतेम महिन्याचं, वाकळेवर ठेवलेलं, हातपाय झाडून रडत होतं. आई कावरीबावरी झालेली. "उद्या येतो आमी, अक्का," बाप म्हणत होता.

"उद्याचं कशाला? रडू दे की. दम लागला की थांबंल. मला कुठं जायचंय?"

ती पासष्टीला टेकलेली बाई जमिनीवर पालथी झोपली होती, कोपरांवर भार देऊन, बाळाच्या तोंडाशी तोंड नेऊन. थरथरणारी बोटं तिनं बाळापुढे धरली. बाळानं एक बोट घट्ट पकडलं. रडणं जरा कमी झालं. दुसरा हात तिनं कॅमेऱ्याची कळ दुरून दाबायच्या वायरीवर ठेवला, आणि मग ती हलली नाही. तिच्या नजरेत त्या वेळी दुसरं काही नव्हतं. दार नव्हतं, मी नव्हते, माझी गाडी साडेनऊची होती हे नव्हतं.

खालून माझ्या नवऱ्यानं रिक्षाचा हॉर्न वाजवायला लावला. मी अक्कासाठी आणलेली चिवड्याची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि पायांचा आवाज न करता जिना उतरले.